मालगाड्यांच्या जुन्या चित्रफिती : एक दुर्लक्षित अभ्याससाधन

दिनांक ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंच्या 'हलत्या चित्रां'चा पहिला खेळ झाला. त्या दिवशी दाखविलेल्या सहा लघुपटांपैकी एकात स्थानकात येणारी आगगाडी होती. चित्रपट आणि रेल्वे यांची आपल्या देशातील पहिली भेट अशा रीतीने महाराष्ट्राच्या भूमीवरच घडली. मात्र ती गाडी प्रवाशांची होती. पुढील काळातही कॅमेऱ्याचे लक्ष प्रवासी गाडीकडे, फलाटावरील निरोपाकडे आणि वाफेच्या इंजिनाच्या शुभ्र धुराकडेच अधिक राहिले. कोळसा, खनिज, सिमेंट, खत आणि धान्य वाहणारी मालगाडी मात्र बहुधा अनवधानानेच चित्रात आली.

ही अनवधानाने आलेली दृश्ये आज मोलाची ठरली आहेत. ज्या डिझेल इंजिनांनी चार दशके देशाची मालवाहतूक वाहिली, ती इंजिने आता मागे पडत आहेत. ब्रॉडगेज लोहमार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले आहे. त्या काळाचा चालता-बोलता पुरावा म्हणून जुन्या चित्रफिती कशा पाहाव्यात, त्यांतून काय शिकता येते आणि त्या कशा जतन कराव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

डिझेल युगाचा प्रारंभ

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत भिलाई, राउरकेला व दुर्गापूर येथे पोलादाचे कारखाने उभे राहू लागले. त्यांना कोळसा आणि लोहखनिज सतत पुरविणे आवश्यक होते. वाफेच्या इंजिनाला वाटेत वारंवार पाणी घ्यावे लागे, राख काढावी लागे आणि जळणातील उष्णतेचा फारच थोडा अंश प्रत्यक्ष ओढशक्तीत उतरे. या अडचणींवर उपाय म्हणून १९५७ पासून अमेरिकेतील अल्को कंपनीची 'डब्ल्यूडीएम-१' जातीची शंभर डिझेल इंजिने आणण्यात आली. पूर्व व दक्षिण-पूर्व रेल्वेच्या जड मालगाड्यांना ती जोडली गेली.

त्यानंतर १९६२ मध्ये २,६०० अश्वशक्तीचे 'डब्ल्यूडीएम-२' आले. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या इंजिनाचे राष्ट्रार्पण ३ जानेवारी १९६४ रोजी झाले. पुढे या जातीची अडीच हजारांहून अधिक इंजिने तेथे बांधली गेली. एक्स्प्रेस असो वा मालगाडी, सत्तर व ऐंशीच्या दशकांतील बिगर-विद्युत ब्रॉडगेज मार्गांवर हेच इंजिन प्रामुख्याने दिसे. मीटरगेजवर 'वायडीएम-४' या धाकट्या भावंडाने तीच कामगिरी बजावली.

या नावांतील अक्षरांचा अर्थ ठाऊक असला की अर्धे चित्र उलगडते. पहिले अक्षर रुळांमधील अंतर सांगते. 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉडगेज, 'वाय' म्हणजे मीटरगेज. दुसरे अक्षर 'डी' हे डिझेलचे. तिसरे कामाचे असते. 'एम' म्हणजे माल व प्रवासी दोन्ही, 'जी' म्हणजे केवळ माल, 'पी' म्हणजे केवळ प्रवासी आणि 'एस' म्हणजे शंटिंग. अखेरचा आकडा जातीचा क्रमांक होय.

चित्र कसे वाचावे?

कोणतीही जुनी चित्रफीत पाहताना प्रथम इंजिनाच्या धुराकडे लक्ष द्यावे. थांबलेली जड मालगाडी सुरू होताना अल्को बनावटीच्या इंजिनातून काळ्या धुराचा लोट उसळतो. अनेकांना तो बिघाड वाटतो, पण ते या इंजिनाचे स्वभाववैशिष्ट्य आहे. चालकाने नियंत्रक पुढे सरकविताच तेलाचा पुरवठा लगेच वाढतो. हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला मात्र वेग घेण्यास काही क्षण लागतात. तेवढा वेळ तेल अधिक व हवा कमी अशी स्थिती राहते आणि अर्धवट जळालेले तेल काजळीच्या रूपाने बाहेर पडते. टर्बोचार्जरने वेग घेतला की धूर विरळ होतो. धुराचा लोट किती वेळ टिकला यावरून गाडी जड होती की हलकी, चढावर होती की सपाटीवर, याचा अदमास बांधता येतो.

डिझेल इंजिन चाके थेट फिरवीत नाही, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी. ते जनित्र फिरविते आणि जनित्राची वीज आसांवरील मोटारींना मिळून चाके फिरतात. डब्ल्यूडीएम-२ च्या सहाही आसांवर अशा मोटारी आहेत. या रचनेचा मोठा लाभ असा की, एकामागे एक जोडलेली दोन-तीन इंजिने एकाच चालकाला हाकता येतात. वाफेची दोन इंजिने जोडली तर दोन स्वतंत्र जथे लागत. चित्रात डिझेलची जोडी दिसली, तर मागच्या इंजिनात माणूस दिसत नाही, तो यामुळेच.

त्यानंतर वाघिणींकडे वळावे. साठच्या दशकातील दृश्यांत चार चाकांच्या छोट्या वाघिणी मोठ्या संख्येने दिसतात. बंद वाघिणींत धान्य व खत, उघड्यांत कोळसा, दगड व लाकूड असे. त्याच दशकात आठ चाकांच्या उघड्या 'बॉक्स' वाघिणी रुळल्या आणि ऐंशीच्या दशकात 'बॉक्स-एन' वाघिणी आल्या. बॉक्स वाघिणीची लांबी सुमारे १३.७ मीटर, तर बॉक्स-एनची सुमारे १०.७ मीटर. लांबी तीन मीटरने घटली, तरी माल कमी झाला नाही. स्थानकातील बाजूच्या मार्गाची लांबी ठरलेली असते. त्यामुळे जितक्या जागेत ४५ बॉक्स वाघिणी मावत, तितक्याच जागेत ५८ बॉक्स-एन वाघिणींची गाडी उभी राहू लागली. अशा भरलेल्या गाडीचे वाघिणींसह वजन सुमारे ४,७०० टन भरते. नवा मार्ग न टाकता वाहतूक कशी वाढली, याचे उत्तर केवळ वाघिणी मोजून मिळते, ते असे.

ब्रेकच्या नळ्या हाही एक साक्षीदार आहे. दोन वाघिणींमध्ये जाड, वळ्यावळ्यांची रबरी नळी दिसली तर ते निर्वात ब्रेक समजावेत. बारीक नळी दिसली तर हवादाबाचे. निर्वात ब्रेकची शक्ती वातावरणाच्या दाबाहून वाढू शकत नाही आणि लांब गाडीत तो शेवटच्या वाघिणीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. गाड्या लांब व जड होऊ लागल्या, तसा हवादाबाचा ब्रेक अपरिहार्य ठरला.

गाडीच्या शेवटी गार्डचा डबा असे. त्याच्या सज्जात उभा राहून हिरवा बावटा दाखविणारा गार्ड जुन्या चित्रफितींत हमखास दिसतो. २०२२ मध्ये या पदाचे नाव 'ट्रेन मॅनेजर' असे झाले. स्थानकावरून न थांबता जाणाऱ्या गाडीच्या चालकाला टोकनचा गोळा देणारा कर्मचारी, हाताच्या आकाराचे सिग्नल, मार्गालगत धावणाऱ्या तारायंत्राच्या तारा आणि वाफेच्या इंजिनांसाठी उभारलेला, पण आता कोरडा पडलेला पाण्याचा नळखांब, ही सर्व काळाची खूण सांगणारी चिन्हे आहेत.

वेगाचा हिशेब

विद्यार्थ्यांना सहज करता येईल असा एक प्रयोग येथे सांगतो. चित्रातील एखादा खांब निवडावा आणि त्यासमोरून बॉक्स जातीच्या वीस वाघिणी जाण्यास किती वेळ लागतो, ते घड्याळावर पाहावे. समजा, ३० सेकंद लागले. वीस वाघिणींची लांबी २७४ मीटर. म्हणजे गाडी सेकंदाला सुमारे ९.१ मीटर, अर्थात ताशी सुमारे ३३ किलोमीटर वेगाने जात आहे.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. घरगुती सुपर-८ कॅमेरे बहुधा सेकंदाला १८ चित्रे टिपीत. तीच फीत सेकंदाला २४ चित्रे या गतीने दाखविली, तर प्रत्यक्षातील ४० सेकंद पडद्यावर ३० सेकंदांत उरकतात. मग खरा वेग ताशी ३३ नव्हे, तर सुमारे २५ किलोमीटर निघतो. शंका आल्यास चित्रातील माणसांची चाल पाहावी. माणसे तुरुतुरु चालताना दिसली, तर गाडीचा वेगही फसवा आहे असे समजावे.

पुराव्याच्या मर्यादा

चित्रफीत खोटे बोलत नाही, असे म्हणतात. ते पूर्णांशाने खरे नाही. जुन्या अनुबोधपटांत ध्वनी पुष्कळदा नंतर जोडलेला असे. डिझेल इंजिनाच्या दृश्यावर वाफेच्या इंजिनाची शिट्टी ऐकू आल्यास नवल मानू नये. कथापटांविषयी तर अधिकच दक्षता हवी. १९७५ च्या 'शोले' चित्रपटातील प्रसिद्ध गाडीचे दृश्य पनवेल परिसरातील लोहमार्गावर चित्रित झाले. ती मालगाडी वाफेच्या इंजिनाची आहे. त्यावरून त्या काळी देशात डिझेलच्या मालगाड्या नव्हत्या, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. वाराणसीचा कारखाना तेव्हा अकरा वर्षांचा झाला होता. नाट्याला जे शोभले, ते दिग्दर्शकाने घेतले.

शिवाय जे चित्रित झाले नाही, त्याचाही विचार करावा लागतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत देशोदेशीचे रेल्वेप्रेमी भारतात येत, ते मुख्यतः वाफेची इंजिने पाहण्यासाठी. डिझेलचे इंजिन त्यांच्या दृष्टीने वाफेला हुसकावणारे होते. त्यावर फीत कोण खर्च करणार? रेल्वेच्या हद्दीत चित्रणास परवानगी लागे, हेही एक कारण. परिणामी ज्या यंत्राने सर्वाधिक ओझे वाहिले, त्याचीच चित्रे तुलनेने कमी उरली.

फितीचे आयुष्य

साधारण १९५० पर्यंतच्या व्यावसायिक फिती नायट्रेटच्या असत व त्या अत्यंत ज्वालाग्राही होत्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा अशा फितींचा साठा जानेवारी २००३ मध्ये आगीत नष्ट झाला. डिझेल युगाच्या फिती मुख्यतः ॲसिटेटच्या आहेत. त्या सहसा पेट घेत नाहीत, परंतु उष्ण व दमट हवेत हळूहळू कुजतात. कुजताना त्यांतून ॲसेटिक आम्ल सुटते आणि डबा उघडताच शिरक्याचा वास येतो. पुढे फीत आकसते, वाकडी होते व प्रक्षेपकातून जाईनाशी होते. हे आम्ल शेजारच्या चांगल्या फितीलाही बाधते. कोकणपट्टीची हवा या दृष्टीने विशेष घातक होय. रंगीत फितींचे रंग उडून त्या गुलाबी पडतात, तर नंतरच्या व्हिडिओ कॅसेटवरील चुंबकीय थर सुटू लागतो.

म्हणून ज्यांच्या घरी, शाळेत, कारखान्यात वा कार्यालयाच्या अडगळीत अशी फीत असेल, त्यांनी पुढील पथ्ये पाळावीत. फीत जुन्या प्रक्षेपकावर चालवून पाहण्याचा मोह टाळावा; एका खेळात ती कायमची फाटू शकते. ती उन्हात वाळवू नये. शिरक्याचा वास येणारी फीत इतरांपासून वेगळी ठेवावी. डबे थंड, कोरड्या जागी आडवे ठेवावेत. जाणकाराकडून तिची संगणकीय प्रत करून घ्यावी, मात्र प्रत झाली म्हणून मूळ फीत टाकून देऊ नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फितीतील स्थळ, काळ व माणसे ओळखणाऱ्या व्यक्ती हयात आहेत तोवर त्यांना ती प्रत दाखवून माहिती लिहून घ्यावी. एखादा निवृत्त ड्रायव्हर किंवा पॉइंट्समन एका दृष्टिक्षेपात घाट, स्थानक व साल सांगून जातो. ते ज्ञान कोणत्याही ग्रंथात सापडत नाही.

महाराष्ट्रातील दोन दृश्ये

इतिहास म्हणजे फार जुने काही, असा समज करून घेण्याचे कारण नाही. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा या दरम्यान भरलेले ट्रक सपाट वाघिणींवरून नेण्याची सेवा सुरू केली. डिझेल इंजिनामागे ट्रकांची रांग बोगद्यांतून व पुलांवरून जात आहे, ट्रकचालक आपापल्या गाडीत विसावले आहेत, हे दृश्य अनेकांनी टिपले. २०२२ मध्ये या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि तारांविना मोकळ्या आकाशाखालील ती दृश्ये पाहता पाहता इतिहासजमा झाली.

दुसरे दृश्य एप्रिल २०१६ चे. लातूर शहर पाण्यावाचून होरपळत असताना मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची गाडी निघाली. दहा टाक्यांमधून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ती १२ एप्रिल रोजी लातुरास पोहोचली. पुढे पन्नास टाक्यांच्या गाडीने एका खेपेस सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी आणले. तो मार्ग तेव्हा विद्युतीकृत नव्हता. गाडी ओढली ती डिझेल इंजिनानेच. पहाटेच्या अंधारात त्या गाडीची वाट पाहत स्थानकावर उभ्या राहिलेल्या लोकांची चित्रणे भ्रमणध्वनींत साठविलेली आहेत. भ्रमणध्वनी बदलतो, बिघडतो, हरवतो. पन्नास वर्षांपूर्वीची फीत डब्यात निदान अर्धी तरी उरते. हे चित्रण मात्र एका क्षणात पुसले जाऊ शकते.

लातूरकरांच्या उद्याच्या पिढीला ते पाणी कसे आले, हे दाखवायचे असेल, तर ती चित्रणे आजच एकत्र करून, दिनांक व स्थळ नोंदवून, जिल्ह्याच्या ग्रंथालयात वा महाविद्यालयात सुरक्षित ठेवली पाहिजेत. शाळा-महाविद्यालयांच्या इतिहास मंडळांनी हे काम हाती घेतल्यास त्यास फारसा खर्च येणार नाही. मालगाडी मुकाट्याने ओझे वाहून गेली. तिची नोंद ठेवणे, हे आपले काम आहे.