रुग्णवाहिका, शववाहिका आणि आठवणींचा संग्रह : परिसर अभ्यासासाठी एक उपक्रम



विंटेज गाडी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? संस्थानिकांची रोल्स-रॉइस, रॅलीत हार घालून निघालेली जुनी फियाट, नवरदेवासाठी सजवलेली उघडी मोटार. पण ज्या गाडीतून आजीला मध्यरात्री दवाखान्यात नेलं, किंवा आजोबांना शेवटचं वैकुंठ स्मशानभूमीत नेलं, ती गाडी कुणी जपून ठेवलेली तुम्ही पाहिली आहे का? आजचा पाठ त्या गाड्यांवर आहे. इयत्ता चौथी-पाचवीला 'वाहतूक' हा घटक शिकवताना तो घेता येईल. भाषा, गणित आणि इतिहास तिन्ही विषय त्यात आपोआप येतात.

१. शब्दांपासून सुरुवात करा

फळ्यावर 'रुग्णवाहिका' आणि 'शववाहिका' हे दोन शब्द शेजारी लिहा. दोन्हींत सारखं काय आहे ते मुलांना विचारा. 'वाहिका' म्हणजे वाहून नेणारी. मग रक्तवाहिनी, जलवाहिनी असे शब्द मुलं स्वतःच सांगू लागतात. पुण्यातल्या मुलांना आणखी एक शब्द विचारा : 'पुष्पक'. रामायणातलं विमान, असं उत्तर लगेच येईल. पण पीएमपीच्या शववाहिकेचंही नाव पुष्पकच आहे. पुष्पकात बसून वैकुंठाला जायचं! मृत्यूसारखी अवघड गोष्ट आपली भाषा किती हळुवारपणे सांगते, हे मुलांना इथे सहज कळतं.

२. आधी माणूसच वाहन होता

१८९७ च्या प्लेगच्या साथीत मुंढव्याच्या गायकवाड कुटुंबातल्या मुलाला सावित्रीबाई फुले यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुलांना ही गोष्ट माहीत असते. या पाठात एकच प्रश्न जोडा : त्या वेळी रुग्णवाहिका असती तर? आजही राज्याच्या काही दुर्गम पाड्यांवरून रुग्णाला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, हेही सांगा.

३. झोपलेल्या माणसाला किती जागा लागते?

वर्गाच्या फरशीवर खडूने १८० सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद चौकट आखा. हे झालं स्ट्रेचर. एका मुलाला त्यात झोपवा. आता त्याच्याभोवती मारुती ओम्नीच्या लांबीची, म्हणजे सुमारे ३.४ मीटरची चौकट आखा. पुढे चालकाची जागा सोडा. उरलेल्या जागेत रुग्णाशेजारी एका मुलाला बसायला सांगा. बसता येतं, पण अंग चोरून. डोक्यावर छत आहे असं समजून त्याला उभं राहायला सांगा. जमत नाही! १९८४ मध्ये आलेल्या या व्हॅनने गल्लीबोळांतून असंख्य रुग्ण नेले. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्याआधी अँबॅसिडरची मागची बाजू वाढवून तिच्याही रुग्णवाहिका आणि शववाहिका बनवल्या जात.

अमेरिकेत तर दोन्ही कामं बऱ्याचदा एकच गाडी करायची. लहान गावात माणूस आडवा मावेल एवढी लांब मोटार अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थेकडेच असायची, म्हणून जखमींना नेण्याचं कामही तिच्याकडेच येई. १९७० च्या दशकात रुग्णवाहिकांसाठी कडक मानकं आली. उपचार करणाऱ्याला आत नीट हालचाल करता यायला हवी, असं ठरलं आणि मोटारीवर बांधलेल्या रुग्णवाहिका मागे पडल्या. या गाड्या जपणाऱ्या लोकांनी १९७६ मध्ये 'प्रोफेशनल कार सोसायटी' काढली. १९८४ च्या 'घोस्टबस्टर्स' सिनेमातली पांढरी-लाल गाडी आठवतेय? ती याच जातीची, १९५९ ची कॅडिलॅक.

४. आकुर्डीची मॅटाडोर

आपल्याकडे या गोष्टीतलं मोठं पात्र पुण्याजवळच तयार झालं. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने १९६९ मध्ये मॅटाडोर आणली. छत उंच, मागे रुंद दार. शाळेची बस, भाजीची गाडी, रुग्णवाहिका, जे म्हणाल ते. 'टेम्पो' आणि 'मॅटाडोर' ही दोन्ही खरं तर नावं, पण मराठीत ती सामान्यनामं होऊन बसली. व्याकरणाच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. पुढे १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तिच्या ताफ्यातही ट्रॅव्हलर दिसते.

५. पंधरा आणि पन्नास

आता पाठाचा गाभा. फळ्यावर दोन आकडे लिहा.

१५ : १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महापालिकांसारख्या संस्थांच्या मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या भंगारात जातात.

५० : २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार मूळ रूपात जपलेली, ५० वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात.

मुलांना वजाबाकी करायला सांगा : ५० − १५ = ३५. महापालिकेची शववाहिका किंवा सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका विंटेज होण्याच्या ३५ वर्षं आधीच संपते. श्रीमंतांची मोटार म्हातारी होऊ शकते, सगळ्यांची गाडी होऊ शकत नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. रुग्णाला घेऊन निघालेली जुनी गाडी रस्त्यात बंद पडणं कुणालाच परवडणारं नाही. पण मग त्या गाडीची आठवण कुठे ठेवायची, हा प्रश्न उरतोच.

मंडळं, ट्रस्ट आणि खासगी मालक यांच्या गाड्यांना १५ वर्षांचा हा सरकारी नियम लागू नाही. त्यांना फिटनेस चाचणी द्यावी लागते. एखाद्या गणेश मंडळाने १९७५ मध्ये घेतलेली मॅटाडोर शेडमध्ये उभी असेल, तर ती पन्नाशीला पोहोचली आहे. तुमच्या पेठेत, तुमच्या गावात अशी गाडी आहे का? मुलांना शोधू द्या.

६. वर्गाचा संग्रह

गाडी मिळाली नाही तरी आठवण मिळते. प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्यांना विचारून एक कार्ड भरायचं :

- गाडी कोणती होती? रंग कोणता?
- ती कुणाची होती? दवाखान्याची, मंडळाची की शेजाऱ्यांची?
- बोलवायची कशी? फोनने की कुणीतरी सायकलवर जाऊन?
- चालक कोण होते? त्यांच्याबद्दल काय आठवतं?
- ती गाडी आता कुठे आहे?

माझ्या वर्गात एका मुलीने आजोबांच्या कपाटावर ठेवलेली दिव्याची लाल काच आणली होती. ते मंडळाची रुग्णवाहिका चालवायचे. गाडी भंगारात गेली, काच त्यांनी काढून घेतली. 'ही रात्री फिरायची तेव्हा लोक बाजूला व्हायचे,' एवढंच ते तिला म्हणाले. तिच्या कार्डावर मी वेगळं काही लिहायला लावलं नाही.

जोडीला शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची सहल काढा. दिनकर केळकर यांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं. त्यात अडकित्ते, दिवे, वाद्यं, दारं अशा रोजच्या वस्तू आहेत. संग्रह सोन्याचाच असावा लागत नाही, हे तिथे न शिकवता कळतं.

७. एवढी काळजी घ्या

कोरोनाच्या काळात अनेक घरांतली माणसं या गाड्यांतून गेली ती परतली नाहीत. म्हणून कार्ड भरणं ऐच्छिक ठेवा. आधी पालकांना चिठ्ठी पाठवा. रुग्णाचं नाव, आजार लिहायचा नाही. दवाखान्याच्या दारात फोटो काढायचे नाहीत. एखादं मूल गप्प झालं तर प्रश्न विचारू नका, त्याला चित्र काढू द्या. पालकहो, मुलाने विचारलं तर विषय टाळू नका. जेवढं सांगवेल तेवढं सांगा.

सगळी कार्डं एका वहीत चिकटवा, वर वर्ष लिहा आणि वही शाळेच्या वाचनालयात ठेवा. पुढच्या वर्षीची चौथी त्यात आपली पानं जोडेल. त्या वहीला १५ वर्षांचा नियम नाही.