फी भरण्याआधी स्कोअरशीट पुढे करा

बुद्धिबळ सुधारायला क्लास लावावा का, असं मला हल्ली कोणी ना कोणी विचारतं. माझं क्लासचं प्रकरण आमच्या भागातल्या खेळणाऱ्या सगळ्यांच्या कानावर गेलंय, म्हणून विचारतात. काहीजण नुसती मजा घ्यायला विचारतात. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आमचे सर ऑनलाइन शिकवायचे. जाहिरातीवर दिव्या देशमुखचा फोटो. नागपूरची ही मुलगी जुलै 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. सरांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. फोटो मात्र मोठा, आणि खाली ‘प्रतिस्पर्ध्याला दहा चालींत लोळवा’. फी अर्थातच आगाऊ.

शिकवलं काय? सापळे. त्यांचा सगळ्यात लाडका एंग्लंड गँबिट. पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं की काळ्याने राजापुढचं प्यादं फुकट द्यायचं, मग वजीर बाहेर काढून बी२ वरचं प्यादं खायचं. पांढऱ्याने घाबरून उंट सी३ वर आणला, की आठव्या चालीला काळ्याचा वजीर सी१ वर आणि मात! दिसायला झकास. पण पांढऱ्याने सी३ वर उंटाऐवजी घोडा ठेवला तर काळ्याचे हाल सुरू होतात. हे मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “तुमच्या लेव्हलला कोणी घोडा खेळत नाही.”

कोल्हापुरातल्या एका खुल्या स्पर्धेत आठवी-नववीतला एक पोरगा माझ्यासमोर बसला आणि त्याने घोडाच खेळला. क्षणभरही विचार न करता. तिथून मी डाव कसाबसा ओढत नेला. शेवटी त्याच्याकडे हत्ती आणि मधल्या पट्टीतलं एक प्यादं, माझ्याकडे नुसता हत्ती. माझा राजा प्याद्याच्या वाटेत उभा होता. मी हत्ती शेवटच्या रांगेत राजाशेजारी राखणीला बसवला. हरलो.

सह्या झाल्यावर पोरगा म्हणाला, “काका, हा डाव बरोबरीत होता.” मला वाटलं, समजूत घालतोय. त्याने पटावर मोहरे परत मांडले. आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत धरून ठेवायचा, म्हणजे समोरचा राजा पुढे येऊ शकत नाही. प्यादं त्या रांगेत सरकलं की त्याच्या राजाला पुढे लपायला जागा उरत नाही. मग आपला हत्ती थेट पटाच्या पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. “फिलिडोर पोझिशन, काका. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.” फिलिडोर हा अठराव्या शतकातला फ्रेंच संगीतकार आणि त्या काळचा अव्वल बुद्धिबळपटू. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीची, पुस्तकात छापलेली गोष्ट. आणि मी पैसे मोजून काय शिकत होतो, तर समोरचा चुकेल अशी आशा करायला.

पोरगा काहीही वाईट बोलला नाही. उलट पाणी प्यायला चला म्हणाला. चीड आली ती नंतर. त्या डावाच्या स्कोअरशीटचा फोटो मी सरांना पाठवला. उत्तरात एक अंगठा आला आणि त्याखाली ‘अ‍ॅडव्हान्स बॅच’ची लिंक. डाव बघाल का, असं पुन्हा विचारलं तर म्हणाले, “या वयात फार अपेक्षा ठेवू नका.” उरलेल्या फीचं विचारलं, तर ग्रुपमधूनच काढून टाकलं. इतक्या दिवसांत या माणसाने माझा एकही डाव बघितला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. डाव न बघणारा सर म्हणजे नाडी न बघता गोळ्या देणारा डॉक्टर.

आता ज्यांना सुधारायचंय त्यांच्यासाठी.

आधी शेवट शिका. राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा, त्यातलं ऑपोझिशन, म्हणजे समोरासमोर उभ्या राजांमधली हटायची पाळी कुणाची ते. हत्तीच्या शेवटातल्या फिलिडोर (वाचवायची) आणि ल्युसेना (जिंकायची) या पोझिशन. कडेचं प्यादं आणि त्याचं शेवटचं घर ज्या रंगाचं त्याच्या उलट रंगाचा उंट असेल, तर समोरचा राजा कोपऱ्यात पोचल्यावर डाव जिंकता येत नाही, हे पटावर स्वतः करून बघा. यात कुठलीही जादू नाही, म्हणून जाहिरातीत दिसत नाही.

हरलेला डाव त्याच दिवशी लिहून काढा. कुठे काय विचार केला होता, तेही. इंजिन नंतर लावा. आधी लावलंत तर ते चाल सांगेल, पण ती तुम्हाला का दिसली नाही हे सांगणार नाही.

चालीआधी समोरच्याचे सगळे शह, सगळी मारामारी आणि धमक्या बघा. दर चालीला. कंटाळा येतो, तरी बघा.

मोबाइलवरच्या तीन मिनिटांच्या डावांनी हात चालतो, डोकं नाही. 90 मिनिटं आणि दर चालीला 30 सेकंदांची वाढ, असे डाव खेळा.

रेटिंगच्या मागे लागू नका. जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेने 1 मार्च 2024 पासून रेटिंगची किमान पातळी 1000 वरून 1400 केली. नवख्याचा के-गुणक 40 असतो, म्हणजे आपल्याच रेटिंगच्या माणसाकडून हरलं की 20 गुण जातात. ‘महिन्यात रेटिंग वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला हे विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

झोप, व्यायाम, चिकाटी वगैरे सगळे सांगतात. तेही खरंच आहे.

माणसांत बसून खेळा. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि तिथून भाग्यश्री साठेसारखी खेळाडू आली, ती काही लिंकवरून नव्हे. डाव संपल्यावर समोरच्याबरोबर पाच मिनिटं पट मांडायची लाज वाटू देऊ नका, समोरचा शाळकरी असला तरी.

आणि क्लास लावायचाच असेल, तर फी देण्याआधी तुमच्या हरलेल्या डावाची एक स्कोअरशीट सरांपुढे ठेवा. त्यांनी पट काढून ती चाल-चाल बघितली, तर बिनधास्त पैसे द्या. सुरुवातीच्या चार चाली बघून पॅकेजचं बोलायला लागले, तर नमस्कार करून उठा.