रक्तवाहिनीचा स्नायू आणि पोटॅशियम

लखनौजवळील मलिहाबाद दशहरी आंब्यासाठी प्रसिद्ध आहे. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे १७० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. आतड्यांतून ते रक्तात शिरते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील अनैच्छिक स्नायूंपर्यंत पोहोचते. रक्तवाहिनी किती अरुंद वा रुंद व्हावी, हे या स्नायूंवर अवलंबून असते. रक्तदाबही बव्हंशी त्यावरच ठरतो.

या स्नायुपेशीत दर लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल पोटॅशियम असते. बाहेर रक्तद्रवात अवघे चार. आतले पोटॅशियम धन विद्युत्‌भार घेऊन पेशीपटलातून बाहेर झिरपते, म्हणून पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या मानाने ४० ते ६० मिलिव्होल्ट ऋण राहतो. कॅल्शियमची स्थिती उलट आहे. विश्रांत पेशीत ते बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारांश इतकेच असते.

प्रयोगासाठी धमनीचा तुकडा लवणद्रावणात टांगून त्यातील पोटॅशियम ५० मिलिमोलपर्यंत वाढवले, तर विभवांतर घटते, कॅल्शियमची द्वारे उघडतात व स्नायू आकुंचन पावतो. तोच प्रयोग कॅल्शियमविरहित द्रावणात करावा. विभवांतर घटते, पण आकुंचन जवळजवळ होत नाही. वीज द्वार उघडते, पण आकुंचनाची आज्ञा आत शिरलेले कॅल्शियम देते. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांना १८८२-८३ च्या सुमारास बेडकाच्या हृदयाविषयी असेच आढळले होते: नळाच्या पाण्यातील द्रावणात ते धडधडत राही, ऊर्ध्वपातित पाण्यातील द्रावणात थांबे. नळाच्या पाण्यात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, अंश होता! कॅल्शियमची हीच द्वारे रोखणाऱ्या औषधांचा अभ्यास १९६० नंतरच्या दशकात जर्मनीत फ्लेकेनस्टाइन यांनी केला. आज त्या वर्गातील औषधे उच्च रक्तदाबावर सर्रास दिली जातात.

मात्र एवढ्यावरून पोटॅशियम रक्तवाहिनी आवळते, असे म्हणणे अर्धसत्य होय. ते चारावरून दहा मिलिमोलच्या आसपास नेले, तर अनेक लहान धमन्या सैल पडतात. कारण तेवढ्या वाढीने पोटॅशियमची काही द्वारे व सोडियम-पोटॅशियमचा पंप अधिक काम करू लागतात, आणि पेशी अधिक ऋण होते. श्रम करणाऱ्या स्नायूतून बाहेर पडणारे पोटॅशियम अशा रीतीने त्याच स्नायूचा रक्तपुरवठा वाढवण्यास हातभार लावते.

निरोगी माणसाच्या रक्तात आंबे खाऊन एवढी वाढ होत नाही. पेशी जादा पोटॅशियम शोषून घेतात, मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात व प्रमाण ३.५ ते ५ मिलिमोलच्या आसपास टिकते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णात मात्र ते साचत जाते. रक्तवाहिन्यांवरील परिणाम दिसण्यापूर्वीच हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच अशा रुग्णाला डॉक्टर आंबा मोजून खाण्यास सांगतात.