झाडं तोडण्याआधी पन्हळी पाहा

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात डोंगरालगत राहतो. वणव्याच्या भीतीने आवारातली सगळी झाडं तोडावीत का?

उत्तर : सरसकट तोडू नका. जानेवारी २०२५च्या आगीत कॅलिफोर्नियातल्याच अल्टाडेनात कितीतरी घरांची राख झाली, पण शेजारची काही झाडं हिरवी उभी होती. घर बहुधा जंगलातल्या ज्वाळांनी नव्हे, वाऱ्याबरोबर आलेल्या निखाऱ्यांनी पेटतं. ते पन्हळीतल्या सुक्या पाचोळ्यावर पडतात, माळ्याच्या झरोक्यातून आत शिरतात. म्हणून पन्हळी साफ करा, झरोक्यांना फार तर तीन मिलिमीटर भोकांची धातूची जाळी लावा आणि भिंतीपासून पाच फुटांत जळण्याजोगं काही, अगदी काथ्याचं पायपुसणंसुद्धा, ठेवू नका. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. शेजारचं घरच दहा फुटांवर पेटलं तर खरंच पुरणार नाही. तिथे शेजाऱ्यालाही कामाला लावावं लागतं. छपरावर आलेल्या फांद्या मात्र छाटाच.