पंखहीन फुलकिडा : नव्या जातीची नोंद कशी होते?

कारंजा (घाडगे) परिसरातील शेतकरी कुटुंबांना फुलकिडे नवे नाहीत. पऱ्हाटी, मिरची, कांदा या पिकांवरील रस शोषणारी कीड म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. मात्र जगात नोंदल्या गेलेल्या फुलकिड्यांच्या सहा हजारांहून अधिक जातींपैकी पिकांची हानी करणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. जवळजवळ निम्म्या जाती बुरशीवर जगतात. वाळलेल्या फांद्या आणि पालापाचोळा हेच त्यांचे घर. त्यांतील कित्येकांना पंखच नसतात. अशा एखाद्या कीटकाची नवी जाती म्हणून नोंद होते तेव्हा नेमके काय घडते, याचा विचार आम्ही येथे इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने करीत आहोत. कारण ही नोंद म्हणजे मुळात पुराव्याची परीक्षा होय.

‘जाती’ हा शब्द येथे जीवशास्त्राच्या अर्थाने घ्यावा. आपापसांत प्रजनन करू शकणाऱ्या जीवांचा समूह म्हणजे जाती. या अर्थाने आज पृथ्वीवरील सर्व माणसे मिळून एकच जाती होते, हे विद्यार्थ्यांनी पहिल्याच धड्यात ध्यानी घ्यावे.

1836 मध्ये हॅलिडे या अभ्यासकाने फुलकिड्यांच्या गणाला ‘थायसॅनोप्टेरा’, म्हणजे झालरपंखी, हे नाव दिले. परंतु पाचोळ्याच्या थरात राहणाऱ्याला उडण्याचा उपयोग थोडाच. अशा अनेक जातींत पंख उरलेले नाहीत आणि पंखांसोबत डोक्यावरील तीन साधे नेत्रही बहुधा लोपतात. या कीटकांत केवळ डावा जबडा विकसित होतो. त्याने छिद्र पाडायचे आणि सुईसारख्या शोषकांनी अन्न ओढून घ्यायचे, अशी त्यांची रीत आहे. बुरशीच्या तंतूंतील रस शोषणाऱ्यांचे शोषक बारीक असतात. अख्खे बीजाणू गिळणाऱ्यांचे शोषक रुंद असतात. म्हणजे मुखाच्या रचनेवरून आहार ओळखता येतो.

कीटक गोळा करण्याची पद्धत साधी आहे. पांढऱ्या ताटावर वाळलेली फांदी झटकावी आणि खाली पडलेले, एक ते तीन मिलिमीटर लांबीचे कीटक बारीक कुंचल्याने उचलून अल्कोहोलमध्ये ठेवावेत. पाचोळा असल्यास तो जाळीच्या नरसाळ्यात भरून वर दिवा लावतात. उष्णता व कोरडेपणा टाळण्यासाठी कीटक खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. पुढे नमुना पारदर्शक करून काचपट्टीवर बसवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली शृंगिकांचे खंड, त्यांवरील संवेदी शंकू, केसांची लांबी, उदराच्या टोकाची नळी यांची मोजमापे घेतात.

खरी कसोटी यानंतर लागते. एकाच जातीत काही कीटक पंखधारी, तर काही पंखहीन असू शकतात. काही जातींत थोराड नर आणि किरकोळ नर इतके भिन्न दिसतात की, ते दोन जातींचे वाटावेत. म्हणून ‘पंख नाहीत’ एवढ्यावरून नवी जाती ठरत नाही. एका साक्षीदारावर इतिहास लिहू नये, तसेच हे आहे. नर, मादी व पिल्ले यांचे शक्य तितके नमुने पाहावे लागतात आणि पूर्वी वर्णिलेल्या जवळच्या जातींशी ताडून पाहावे लागते. एकाच जातीला दोन नावे पडल्याचे उघड झाले, तर सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य धरतात. प्राणिनामांच्या या अग्रक्रमाची गणना लिनीअसच्या 1758 मधील ग्रंथापासून होते.

वर्णन प्रसिद्ध करताना एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा मूळ आधार, म्हणून जाहीर करतात. स्थळ, दिनांक, आश्रयवनस्पती व संग्राहक यांची चिठ्ठी त्यासोबत असते. इतिहासकाराला अस्सल कागद जसा, तसा वर्गीकरणकाराला हा नमुना. जैवविविधता कायदा, 2002 नुसार नव्या जातीची माहिती व नमुने नियुक्त संस्थेकडे सोपविणे बंधनकारक आहे. 1916 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय कोलकात्यास असून तिचे एक केंद्र पुण्यासही आहे. वर्णन करणारा कितीही मोठा असो, शंका येणाऱ्या कोणालाही मूळ नमुना पाहून त्याचे म्हणणे खोडता आले पाहिजे. या शास्त्राचा अधिकार पदावर नव्हे, तर पुराव्यावर उभा आहे.

मिरचीवरील फुलकिड्याचे वर्णन 1919 मध्ये अमेरिकेतील हूड यांनी कोइमतूरच्या नमुन्यांवरून केले. आपल्या पिकावरील कीटकाला नाव देणारा परदेशी होता. पुढे डॉ. टी. एन. अनंतकृष्णन (1925–2015) यांनी चेन्नईत फुलकिड्यांच्या अभ्यासाची भक्कम परंपरा उभी केली आणि अनेक बुरशीभक्षी जातींचे वर्णन केले. प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषविले.

हे ज्ञान आपल्या मुलांपर्यंत पोहोचणे का आवश्यक आहे? 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचा पंप बहुधा ज्यांच्या पाठीवर असतो, त्यांच्याच घरातून आपले विद्यार्थी येतात. प्रत्येक किडा शत्रू नसतो. कोणता हानी करतो आणि कोणता कुजलेल्या काडीवरील बुरशी खाऊन जगतो, हे ओळखणे हा त्यांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत एक भिंग, एक कुंचला आणि एक वही शाळेत आणावी. धुऱ्यावरील वाळलेली फांदी झटकून जे पडेल त्याची स्थळ-दिनांकासह नोंद मुलांकडून करवून घ्यावी. नवी जाती मिळेल वा न मिळेल. पाहिल्याशिवाय मानायचे नाही, ही सवय मात्र निश्चित लागेल.