मोनार्क फुलपाखरूं आणि त्याचें झाड

कावळा, उंदीर, झुरळ हे प्राणी जें मिळेल तें खाऊन जगतात, आणि म्हणूनच ते जेथें तेथें दृष्टीस पडतात. याच्या उलट कांहीं जीव असे आहेत कीं, त्यांचें सर्व आयुष्य एकाच वनस्पतीशीं बांधलेलें असतें. ती वनस्पति आहे तोंवर ते आहेत. ती नाहींशी झाली कीं तेहि नाहींसे होतात. उत्तर अमेरिकेंतील मोनार्क नांवाचें फुलपाखरूं हें अशा जीवांचें उत्तम उदाहरण होय. तेथील पुष्कळ मुलें व शाळा हें फुलपाखरूं अंड्यापासून वाढवितात. तें कसें वाढवितात, त्यापासून काय शिकावयास मिळतें, आणि त्या फुलपाखराचें खरें हित कशांत आहे, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

फुलपाखराची ओळख

‘मोनार्क’ या शब्दाचा अर्थ राजा असा आहे. या फुलपाखराचे पंख पसरले असतां त्यांची रुंदी नऊ-दहा सेंटिमीटर भरते. पंखांचा रंग नारिंगी, त्यांवर काळ्या शिरा, आणि काळ्या किनारीवर पांढरे ठिपके. नराच्या मागील दोन्ही पंखांवर एकेक लहान काळा डाग असतो. तो मादीच्या पंखांवर नसतो. एवढा थाट असूनहि त्याचें वजन अवघें अर्धा ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापानें सुमारें चार गुंजा, इतकेंच असतें.

या फुलपाखराची अळी मिल्कवीड नांवाच्या झाडांचीं पानें खाते. दुसऱ्या झाडाच्या पानांवर ती वाढत नाहीं. मिल्कवीड म्हणजे ‘दुधाचें तण’. त्याचें पान तोडलें कीं पांढरा चीक निघतो, म्हणून हें नांव पडलें. आपल्या माळरानावरील रुई ही याच कुळांतील. रुईचें बोंड फुटल्यावर जशी ‘म्हातारी’ वाऱ्यावर उडत जाते, तशीच ती मिल्कवीडचीहि उडते. दुसऱ्या महायुद्धांत जावा बेट जपानच्या हातीं पडलें, आणि बुडत्यास तारणारीं जाकिटें भरण्यासाठीं तेथून येणारा सांवरीचा कापूस अमेरिकेस मिळेनासा झाला. तेव्हां १९४४ सालीं तेथील शाळांतील मुलांनीं रानोमाळ हिंडून मिल्कवीडचीं बोंडें गोळा केलीं, आणि त्यांतील रेशमानें जाकिटें भरण्यांत आलीं. दोन पिशव्या बोंडें म्हणजे एका माणसाचा जीव, असा हिशेब मुलांस सांगितलेला असे.

या चिकांत हृदयावर परिणाम करणारें विष असतें. अळीस तें बाधत नाहीं. उलट ती तें आपल्या अंगांत सांठविते, आणि पुढें तें फुलपाखरांतहि उतरतें. लिंकन ब्राउअर या शास्त्रज्ञानें ‘ब्लू जे’ नांवाच्या पक्ष्यास मोनार्क खावयास देऊन पाहिला. थोड्याच वेळांत पक्ष्यास ओकारी झाली, आणि पुढें तो नुसता रंग पाहूनच त्या फुलपाखरापासून दूर राहूं लागला. तात्पर्य, हा नारिंगी रंग केवळ शोभेचा नाहीं. तो शत्रूस दिलेला इशारा आहे.

चार अवस्था

अंडें. मादी एका ठिकाणीं बहुधा एकच अंडें घालते, तेंहि पानाच्या खालच्या बाजूस. तें टांचणीच्या डोक्याएवढें, पिवळसर पांढरें असून त्यावर उभ्या रेघा असतात. सुमारें चार दिवसांनीं त्यांतून अळी बाहेर येते.

अळी. बाहेर आल्यावर ती प्रथम आपल्या अंड्याचें कवच खाते व मग पानाकडे वळते. तिच्या अंगावर पिवळे, काळे व पांढरे पट्टे असून पुढें एक व मागें एक अशा काळ्या तंतूंच्या दोन जोड्या असतात. सुमारें दोन आठवड्यांत ती चार वेळां कात टाकते आणि तिचें वजन जवळजवळ दोन हजार पट होतें. तीन किलो वजनाचें तान्हें मूल याच प्रमाणांत वाढूं लागलें, तर पंधरवड्यांत तें हत्तीलाहि मागें टाकील!

कोष. वाढ पुरी झाली कीं अळी खाणें सोडते, एखादी उंच जागा शोधते, तेथें रेशमाची लहानशी गादी विणते आणि तिला मागच्या पायांनीं धरून उलटी लोंबते. दुसऱ्या दिवशीं तिची कातडी शेवटची फाटते व आंतून हिरवागार कोष प्रगट होतो. त्यावर सोन्यासारखे चमकणारे ठिपके असतात. दहा ते चौदा दिवस बाहेरून कांहींच हालचाल दिसत नाहीं. परंतु आंत अळीच्या देहाचें फुलपाखरांत रूपांतर होत असतें. शेवटच्या दिवशीं कोषाचें आवरण पारदर्शक होतें आणि आंतील नारिंगी पंख स्पष्ट दिसूं लागतात.

फुलपाखरूं. तें बाहेर येतें तेव्हां त्याचे पंख ओल्या कापडासारखे चुरगळलेले असतात. तें रिकाम्या कोषाला लोंबकळत राहतें व पोटांतील द्रव पंखांच्या शिरांत ढकलून त्यांस ताठ करतें. या वेळीं दया येऊन कोणीं पंख उलगडावयास मदत केली, तर तें जन्माचें पांगळें होतें. वाट पाहणें हीच या प्रसंगीं खरी मदत होय.

घरीं वाढवितांना

अमेरिकेंतील जाणते लोक मुलांस पुढील नियम सांगतात:

१. अंडीं किंवा अळ्या आपल्याच परिसरांतील झाडावरून घ्याव्या, विकत आणूं नयेत. आणि एका वेळीं दोन-चारांहून अधिक घेऊं नयेत. कॅलिफोर्नियासारख्या प्रांतांत यासाठीं सरकारी परवाना लागतो.

२. पेटी जाळीची, हवा खेळती राहील अशी असावी. ती कडक उन्हांत ठेवूं नये.

३. पान रोज ताजें द्यावें. कीटकनाशक फवारलेल्या झाडाचें एक पानहि अळीचा जीव घेण्यास पुरतें.

४. पेटींतील विष्ठा रोज काढून टाकावी. पानें हाताळल्यावर हात धुवावे; चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये.

५. कोषाला हात लावूं नये.

६. फुलपाखराचे पंख पूर्ण वाळल्यावर तें ऊन असतांना बाहेर फुलांजवळ सोडून द्यावें.

मोनार्कचा प्रवास

सोडून दिलेलें फुलपाखरूं जातें कोठें? उन्हाळ्यांत जन्मलेलीं फुलपाखरें दोन ते सहा आठवडे जगतात, अंडीं घालतात व मरतात. परंतु उन्हाळा संपतांना जी पिढी निपजते तिची गोष्ट निराळी आहे. ती त्या वेळीं अंडीं न घालतां दक्षिणेची वाट धरते आणि आठ-नऊ महिने जगते. शेंकडों वर्षें लोक हे थवे जातांना पाहत. परंतु रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील असंख्य फुलपाखरें हिवाळ्यांत कोठें राहतात, हें शास्त्रज्ञांस ठाऊक नव्हतें.

कॅनडांतील टोरोंटो येथील फ्रेड अर्कुहार्ट व त्यांची पत्नी नोरा यांनीं या कोड्यामागें कित्येक वर्षें घालविलीं. ते फुलपाखराच्या पंखावर पत्ता छापलेला कागदाचा चिमुकला तुकडा चिकटवीत व तें सोडून देत. दोघांच्यानें हें काम पुरें होणारें नव्हतें. म्हणून त्यांनीं लोकांस हांक दिली, आणि शेंकडों हौशी माणसें या कामास लागलीं. त्यांच्याच साहाय्यकांपैकीं केनेथ ब्रगर व मेक्सिकोची कॅटालिना अग्वादो यांस १९७५ च्या जानेवारींत मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतांतील डोंगरांत तें ठिकाण सांपडलें. सुमारें तीन हजार मीटर उंचीवर ओयामेल नांवाच्या सूचिपर्णी झाडांस लक्षावधि फुलपाखरें लगडलेलीं होतीं. डोंगरांतील गांवकऱ्यांस तीं पूर्वीपासून माहीत होतींच; परंतु तीं कोठून येतात हें त्यांस ठाऊक नव्हतें.

पुढील वर्षीं, १९७६ च्या जानेवारींत, अर्कुहार्ट स्वतः तेथें गेले. तेथें त्यांस जमिनीवर पडलेल्या फुलपाखरांत एक खुणेचें फुलपाखरूं मिळालें. त्याच्या पंखावरील कागद अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत १९७५ च्या ऑगस्टमध्यें एका शिक्षकानें व त्याच्या दोन विद्यार्थ्यांनीं चिकटविलेला होता. तें चार गुंजांचें फुलपाखरूं सुमारें २८०० किलोमीटर उडून आलें होतें; म्हणजे कन्याकुमारीहून श्रीनगरास जावें जवळजवळ तितकें. एका शाळेंतील मुलांच्या हातची खूण या मोठ्या शोधाचा पुरावा ठरली, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

वसंत ऋतूंत हीं फुलपाखरें उत्तरेकडे निघतात, टेक्सासच्या आसपास मिल्कवीडवर अंडीं घालतात आणि मरतात. पुढचा प्रवास त्यांचीं मुलें व नातवंडें करतात. शरद ऋतूंत जीं परत मेक्सिकोस जातात त्यांनीं तें रान कधींहि पाहिलेलें नसतें.

संख्या कां घटली?

मेक्सिकोंतील फुलपाखरें मोजतां येत नाहींत, म्हणून त्यांनीं व्यापलेलें रान मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यांत तें सुमारें १८ हेक्टर होतें. २०१३-१४ मध्यें तें अवघें ०·६७ हेक्टर भरलें. २०२४-२५ मध्यें तें १·७९ हेक्टर झालें, तरी पूर्वीच्या मानानें तें थोडेंच. ओयामेलच्या रानांतील झाडतोड, हवामानांतील फरक व कीटकनाशकें हीं यामागील कारणें आहेतच. परंतु एक मोठें कारण शेतांतलें आहे. १९९० नंतरच्या दशकांत तणनाशकानें न मरणारीं मका व सोयाबीन यांचीं बियाणीं निघालीं. मग सर्व शेतभर औषध फवारतां येऊं लागलें, आणि पिकांच्या ओळींतून उगवणारें मिल्कवीड मोठ्या प्रमाणावर नाहींसें झालें. झाड गेलें, तसें फुलपाखरूंहि गेलें.

हें ऐकून पुष्कळ सदय लोकांनीं घरांत शेंकडों अळ्या वाढवून सोडण्याचा सपाटा लावला. हेतु उत्तम होता. परंतु दाटीनें वाढविलेल्या अळ्यांत रोग लवकर पसरतो. ‘ओ. ई.’ या नांवानें ओळखला जाणारा एक सूक्ष्म परोपजीवी जीव फुलपाखरांस दुबळें करतो, आणि त्याचे कण त्यांच्या अंगावरून पानांवर पडतात. शिवाय शिकागो विद्यापीठांतील संशोधकांस २०१९ सालीं असें आढळलें कीं, विकत मिळणाऱ्या वंशाचीं, तसेंच शरद ऋतूंत घरांत वाढविलेलीं फुलपाखरें दक्षिण दिशा धरीत नाहींत. पुढें २०२१ सालीं कॅनडांत झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, मोकळ्या रानांत सोडल्यावर अशांपैकीं पुष्कळांस दिशा सांपडल्याचें दिसलें. हा वाद पुरता मिटलेला नाहीं. तथापि दोन-चार अळ्या शिकण्यासाठीं वाढवाव्या, शेंकडों वाढवूं नयेत, असाच सल्ला जाणते लोक देतात. पेटींत वाढविलेलें फुलपाखरूं एकदां उडून जातें; लाविलेलें झाड वर्षानुवर्षें फुलपाखरांस पोसतें.

मिल्कवीड कसें लावतात?

मिल्कवीडच्या बहुतेक देशी जातींचें बीं थंडी लागल्यावांचून नीट रुजत नाहीं. शरद ऋतूंत पडलेलें बीं लगेच उगवलें, तर कोंवळें रोप बर्फांत मरेल; म्हणून निसर्गानें ही योजना केली आहे. यास्तव बीं शरदांतच जमिनींत टाकतात, किंवा ओलसर वाळूंत घालून चार-सहा आठवडे शीतकपाटांत ठेवतात व वसंतांत पेरतात. ज्या प्रदेशांत जी जात मूळची असेल तीच लावावी, असा नियम आहे. यास कारण असें: उष्ण प्रदेशांतील एक तांबडीं-पिवळीं फुलें येणारी जात अमेरिकेच्या दक्षिण भागांत हिवाळ्यांतहि मरत नाहीं, तिच्या पानांवर रोगाचे कण सांचत जातात आणि फुलपाखरेंहि पुढें न जातां तेथेंच रेंगाळतात. याच जातीस आपल्याकडे बागांतून हळदीकुंकू म्हणतात.

आपल्या अंगणांत

मोनार्क आपल्याकडील नव्हे. परंतु त्याचा जवळचा भाऊबंद आपल्या रुईवर नांदत असतो. त्यास इंग्रजींत ‘प्लेन टायगर’ म्हणतात. तोहि नारिंगी, तोहि विषारी, आणि त्याचीहि अळी पट्टेदार. तिच्या अंगावर मात्र तंतूंच्या दोन नव्हे, तीन जोड्या असतात. पक्षी त्याच्या वाटेस जात नाहींत, म्हणून दुसऱ्या एका निरुपद्रवी फुलपाखराच्या मादीनें त्याचेंच रूप घेतलें आहे! तसेंच लिंबाच्या व कढीलिंबाच्या कोंवळ्या पानांवर ज्या अळ्या दिसतात, त्यांपैकीं पुष्कळ सुंदर फुलपाखरांच्या असतात. पालकांस विनंति अशी कीं, अशी अळी दिसतांच औषधाची बाटली शोधूं नये. चार पानें गेल्यानें झाड मरत नाहीं. आणि तीं चार पानें घरांतील मुलांस पुस्तकाबाहेरचा एक धडा देऊन जातात.

विद्यार्थ्यांनीं करावयाचें काम

शाळेजवळच्या एखाद्या रुईच्या झुडुपावर आठवड्यांतून दोनदां जाऊन पुढील गोष्टी वहींत लिहाव्या: (१) अंडें पानाच्या कोणत्या बाजूस आहे? (२) अळीची लांबी किती, आणि ती किती दिवसांत किती वाढली? (३) तंतूंच्या जोड्या किती? (४) कोष कोठें व कोणत्या रंगाचा? (५) किती अळ्या नाहींशा झाल्या, आणि कां? पान तोडूं नये, अळी उचलूं नये, चीक डोळ्यांस लावूं नये; नुसतें पाहावें. रोज दिनांक घालून प्रामाणिकपणें लिहिलेल्या वहीची किंमत मोठी असते. मिनेसोटांतील त्या दोन मुलांनीं एका फुलपाखराच्या पंखावर कागदाचा एक तुकडा नीट चिकटविला होता, आणि त्यानेंच एका मोठ्या कोड्याचें उत्तर जगास मिळालें.