पेंढा, रवंथ आणि मिथेन

बंगळूरचे यशवंतपूर म्हटले की रेल्वेस्थानक आणि धान्याचा मोठा बाजार आठवतो. बाजारात धान्य येते. पेंढा मात्र गावातच, गोठ्यात राहतो. भाताच्या पेंढ्याने जनावराचे पोट भरते, पण तो अंगी लागत नाही, हे पशुपालकाला ठाऊक असते. त्याचे कारण पाहू.

पेंढ्यातील सेल्युलोज हा तंतू गाई-म्हशींना पचतो, तो त्यांच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांमुळे. परंतु तो लिग्निन या कठीण द्रव्याने जखडलेला असतो. शिवाय सूक्ष्मजीवांना लागणारे नत्र पेंढ्यात फार थोडे. म्हणून पेंढा पोटात रेंगाळतो आणि जनावर दुबळे राहते.

यावर युरिया प्रक्रिया हा उपाय आहे. १०० किलो पेंढ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरांवर शिंपडतात, ढीग तुडवून घट्ट करतात आणि प्लास्टिकच्या कागदाखाली तीन आठवडे हवाबंद ठेवतात. युरियापासून तयार झालेला अमोनिया लिग्निनची पकड सैल करतो. काही नत्रही पेंढ्यात राहते. ढीग उघडल्यावर उग्र वास उडून जाऊ द्यावा, मगच पेंढा घालावा. नुसता युरिया किंवा त्याचे पाणी जनावराच्या पोटात गेल्यास ते दगावू शकते. लहान वासरांना हा पेंढा देऊ नये.

तंतू आंबताना कोठीपोटात हायड्रोजन निर्माण होतो. काही सूक्ष्मजीव त्यापासून व कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवतात. तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो आणि त्याबरोबर चाऱ्यातील ऊर्जाही वाया जाते. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट असतो.

मग प्रक्रियेने मिथेन घटतो का? येथे सरसकट ‘होय’ म्हणणे बरोबर नाही. असा पेंढा जनावर अधिक खाते व अधिक पचवते; त्यामुळे दिवसाचा एकूण मिथेन कधी वाढतोही. मात्र समजा, मिथेन तेवढाच राहिला आणि दूध ४ लिटरांवरून ५ लिटरांवर गेले, तर प्रत्येक लिटरमागे तो पाचव्या भागाने कमी होतो.

बंगळूरच्याच अडुगोडी भागातील राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने वेगळा मार्ग धरला. तिचे ‘हरित धारा’ हे टॅनिनयुक्त वनस्पतींचे पूरक खाद्य २०२१ मध्ये पुढे आले. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे संस्था सांगते. हे खाद्य मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना हायड्रोजन पुरवणाऱ्या प्रोटोझोआंना आवर घालते. पेंढ्याचा तंतू मोकळा करण्याचे काम युरियाचेच.